जुनी फियाट बाळगतांना



मोटारगाडी ही वस्तु मास्तराच्या अंगणांत शोभत नाहीं, असें माझे वडील शेवटपर्यंत म्हणत असत. ती शोभते कीं नाहीं हें पाहणारानें ठरवावें. परंतु १९९८ सालापासून ती जत येथील माझ्या घराच्या अंगणांत उभी आहे, आणि ज्या कडुनिंबाखालीं ती उभी असते त्याच्या काड्या, पानें व त्यावरील पांखरांची कृपा यांनीं तिचें छप्पर बारा महिने नटलेलें असतें. गाडी फियाट आहे. मीं घेतली तेव्हांच ती तेरा वर्षांची होती. नवी असतांना ती कशी दिसे, कशी धांवे, याची मला कांहींच कल्पना नाहीं. जुनी वस्तु अधिक जुनी कशी होत जाते एवढेंच मीं पाहिलें आहे.

आजच्या भाषणाचें निमित्त मात्र निराळें आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास मोठ्या पगारावर असतो. चौथींत असतांना सतराच्या पाढ्याशीं तो हटकून अडत असे. आतां त्याच्या हाताखालचीं माणसें कोट्यवधींचे हिशेब करतात. मध्यंतरीं त्याचा फोन आला. त्याला एक इटालियन मोटार घ्यावयाची होती. मासेराती कंपनीची, ‘ग्रानतुरिस्मो’ नांवाची, आणि अर्थातच दुसऱ्यानें वापरलेली. नव्या गाडीची किंमत त्यानें सांगितली तेव्हां मीं फोन कानापासून थोडा दूर धरला. "गुरुजी," तो म्हणाला, "आमच्या ओळखींत इतकीं वर्षें इटालियन गाडी बाळगलेले तुम्ही एकटेच. तुम्हीच सांगा, घेऊं कीं नको?"

मी हंसलों. मासेराती बंधूंनीं १९१४ सालीं बोलोन्या शहरांत आपला कारखाना काढला. त्या शहरांत समुद्रदेवता नेपच्यून हिचें जें कारंजें आहे, तिच्या हातांतील त्रिशूल त्यांनीं आपल्या गाड्यांच्या कपाळीं लावला. माझा विद्यार्थी म्हणत होता त्या गाडीचें इंजिन आठ सिलिंडरांचें असून त्याची शक्ति चारशें घोड्यांहून अधिक. माझ्या फियाटला चार सिलिंडर, १०८९ घनसेंटीमीटरांचें इंजिन, आणि घोडे म्हणाल तर चाळीसच्या आसपास. तेही आतां वयस्क झालेले. ऐरावताविषयीं सल्ला विचारण्यास आमच्या माडग्याळच्या मेंढपाळाकडे यावें, तसाच हा प्रकार. तरी पण फोन खालीं ठेवल्यावर मीं विचार करूं लागलों, तों असें वाटलें कीं त्याचा प्रश्न अगदींच अस्थानीं नाहीं.

‘ग्रान तुरिस्मो’ या इटालियन शब्दांचा अर्थ मोठा प्रवास, लांबची मुशाफरी. शर्यतीच्या गाडीचा वेग आणि घरच्या गाडीचा आराम यांचा मेळ घालून, दोघांनीं सामानसुमानासह एका दिवसांत देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावें आणि उतरतांना कंबर धरूं नये, अशासाठीं ज्या गाड्या बांधल्या त्यांना हें नांव मिळालें. लांचिया कंपनीनें १९५१ सालीं काढलेली ऑरेलिया ही या वर्गांतील आद्य गाड्यांत गणली जाते. आतां जतच्या माणसाचा मोठा प्रवास कोणता? तो आल्प्स पर्वत ओलांडून जात नाहीं. तो मिरजेला जातो. सुमारें ८० किलोमीटरांचा हा रस्ता, आणि आमच्या तालुक्यांतील बहुतेक माणसें तो सुखासाठीं करीत नाहींत. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे करतात. या अर्थीं माझी गाडीही ग्रान तुरिस्मोच होय.

ती इटालियन कशी, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला असल्यामुळें आमच्या जिल्ह्यांत तें सर्वांच्या तोंडीं आहे. विमान, जहाज आणि मोटार हीं तिन्हीं या देशांत व्हावीं हा त्यांचा ध्यास. त्यांपैकीं मोटारीसाठीं त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईस कुर्ल्याला कारखाना घातला. प्रथम अमेरिकन गाड्या जुळविल्या. पुढें इटलींतील तूरीन शहराच्या फियाट कंपनीशीं करार झाला. फियाटचे नामांकित अभियंते दांते जाकोझा यांच्या हाताखालीं तयार झालेली ‘अकराशें’ ही गाडी १९५३ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत मांडली गेली आणि १९५४ पासून ती कुर्ल्यास निघूं लागली. वालचंदशेठ १९५३ च्या एप्रिलमध्येंच वारले. ही गाडी त्यांनीं पाहिली नाहीं. तिच्या गुबगुबीत नाकाडामुळें लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणूं लागले. मागाहून चेहरामोहरा बदलला, करार सरला, आणि चितोडच्या राणीच्या नांवानें तिचें ‘प्रीमियर पद्मिनी’ असें बारसें झालें. पण सासरचें नांव कागदावर आणि माहेरचें तोंडांत, तसें आपण तिला फियाटच म्हणत राहिलों. इटलींत अकराशेंचा वंश १९६९ सालीं संपला. कुर्ल्याला मात्र तो विसावें शतक संपेपर्यंत नांदला. परदेशी गाड्यांना दार बंद, कारखाने दोन-तीनच, आणि गिऱ्हाइकांची रांग वर्षानुवर्षांची. अशा बाजारांत गाडी बदलण्याची गरज कोणास पडणार? १९८३ सालीं मारुती आली तेव्हां ती पडली.

मारुती घरोघर झाल्यामुळेंच १९९८ सालीं माझ्यासारख्याला फियाट परवडली. परंतु परवडली म्हणून मीं ती घेतली असें मात्र नव्हे.

त्याच्या आदल्या वर्षीं पावसाळ्यांत एके रात्रीं अकराच्या सुमारास माझ्या आईच्या छातींत दुखूं लागलें. आमच्याकडे वडापच्या जीपगाड्या दिवसा हव्या तेवढ्या. रात्रीं त्यांचे मालक आपापल्या मळ्यांत निजलेले. शेवटची एस. टी. केव्हांच गेलेली. सायकलवरून मीं दोन वस्त्या पालथ्या घातल्या, तेव्हां एकाच्या दयेनें एकच्या सुमारास जीप दारांत आली. मागच्या फळीवर आईला निजवून, तिचें डोकें मांडीवर घेऊन आम्ही निघालों. मिरजेचे दिवे दिसूं लागले त्या वेळीं ती गेली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधीं आणलें असतें तर कांहीं करून पाहतां आलें असतें. ते खरें तेंच बोलले. जीपवाल्याचाही दोष नव्हता. तो अंथरुणांतून उठून आला होता आणि त्यानें पैसे घेतले नाहींत. पण तो तास माझ्या मनांतून कांहीं केल्या जाईना.

म्हणून भविष्यनिर्वाह निधींतून मीं रक्कम काढली. कुटुंबाचा याला विरोध होता. "अहो, त्या पैशांत विहीर दोन पुरुष खोल होईल," असें तिचें म्हणणें. जतसारख्या गांवीं हें म्हणणें खोडून काढण्याजोगें नव्हतें, आणि मीं तें खोडून काढलेंही नाहीं. फक्त ऐकलें नाहीं.

गाडी सांगलीच्या एका गृहस्थांकडून घेतली. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. रंग नवा, बैठकींवर नवें कापड, आंत उदबत्तीचा वास. आम्हांस चहा मिळाला. मला गाडी चालवितां येत नव्हती म्हणून ट्रॅक्टर चालविणारे माझे मेहुणे बरोबर आले होते. त्यांनीं पेठेंतून एक चक्कर मारली आणि "इंजिन गोड आहे" असा अभिप्राय दिला. आम्ही पोंचण्यापूर्वींच इंजिन चालवून गरम करून ठेवलेलें होतें, ही गोष्ट बॉनेटवर हात ठेवतांच लक्षांत यावयास पाहिजे होती. हात ठेवला होता; लक्षांत आली नाहीं. अडतीस हजार रुपये मोजले, म्हणजे माझा सुमारें सहा महिन्यांचा पगार, आणि त्या गृहस्थांच्या गोड भाषेची तारीफ करीत आम्ही जतला आलों.

पहिल्याच पावसांत माझे पाय भिजले. छपरांतून पाणी येत असेल म्हणून वर पाहिलें, तर पाणी खालून येत होतें. आमच्या गांवचे मिस्त्री आले, त्यांनीं पायाखालचें रबर उचललें आणि बोटानें टोचलें. बोट आरपार जाऊन रस्त्याला लागलें. "गुरुजी," ते म्हणाले, "ही गाडी पत्र्याची न्हाई, लांबीची हाय." सडलेल्या पत्र्याच्या भोंकांवर जो लगदा थापून, घांसून, वर रंग देतात त्याला गॅरेजमध्यें लांबी म्हणतात, हें ज्ञान मला त्या दिवशीं झालें.

दुसऱ्या दिवशीं शाळेंतील विज्ञानाच्या पेटींतून मीं नालाच्या आकाराचें लोहचुंबक काढलें. पत्र्याला तें चिकटे, लांबीवरून घसरून पडे. हा प्रयोग पाहून चौथीचा वर्ग बाहेर आला, आणि त्या दिवशींचा ‘चुंबकीय व अचुंबकीय पदार्थ’ हा पाठ गाडीच्या अंगावरच झाला. मुलांनीं लांबीच्या जागीं खडूनें फुल्या केल्या. दोन्ही बाजू मिळून तेवीस फुल्या झाल्या. घरीं जातांना तीं खुणा मीं पुसल्या नाहींत. कुटुंबानें त्या पाहिल्या, मोजल्या, आणि एक शब्दही काढला नाहीं. तो दिवस मला वाईट गेला.

तेव्हां जुनी गाडी पाहण्यास जाणारानें काय पाहावें, हें मी अनुभवाच्या अधिकारानें सांगूं शकतों. सकाळीं जावें आणि इंजिन थंड असतांना आपल्यासमोर चालू करावयास सांगावें. गरम इंजिन पुष्कळ पापें झांकतें. मागून निघणारा धूर पाहावा. निळसर असेल तर इंजिनांतील रिंगा झिजून ऑइल जळत आहे. पांढरा असून थांबतच नसेल आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी आंत शिरत आहे. ऑइल ओतण्याचें झांकण उघडून आंतून पाहावें. तेथें सायीसारखा पिवळसर थर दिसला तर नमस्कार करून परत यावें. पुढचें चाक जॅकवर उचलून वरखालीं धरून हलवावें, म्हणजे किंगपिनची झीज हाताला कळते. दाराच्या बिजागऱ्या, रबराखालचा पत्रा, मागचे पाटे. आणि शेवटीं कागद: नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकाशीं ताडून पाहावा, गाडीवर कर्जाचा बोजा नाहीं याची खात्री करावी, आणि २९ व ३० नंबरच्या अर्जांवर विकणाराची सही होईपर्यंत पैसे खिशांतच ठेवावे. एवढें केलें म्हणजे फसणार नाहीं असें नाहीं. थोडें कमी फसाल.

परंतु खरा परीक्षक मिस्त्री. आमचे मिस्त्री चौथींतून शाळा सोडलेले. फियाटच्या इंजिनावर कान ठेवून ते डोळे मिटत, आणि कोणता टॅपेट सैल आहे तें बोटानें दाखवीत. ठिणगी पाडणारे जे दोन पॉइंट असतात त्यांमधील फट पोस्टकार्डाच्या जाडीइतकी असावी लागते. त्यांच्या खिशांत त्या कामासाठीं एक जुनें पोस्टकार्ड नेहमीं असे. त्यावर कोणाचा तरी खुशालीचा मजकूर होता. त्यांनीं मला गाडी चालवावयास शिकविलें, स्टिअरिंगच्या बाजूचा गिअरचा दांडा कोणत्या वेळीं कोणीकडे ओढावा तें शिकविलें, आणि उन्हाळ्यांत गाडी बंद कां पडते तेंही. आमच्याकडे एप्रिल-मे मध्यें पेट्रोल नळींतच तापून त्याची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ओढतां येतें, वाफ ओढतां येत नाहीं. मग टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशीं मरतें. उपाय सोपा आहे: पंपावर ओलें फडकें घालावें आणि सावलींत पंधरा मिनिटें गप्पा माराव्या. या गप्पांतून मला तालुक्याचा जो इतिहास कळला तो शाळेच्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं.

ओल्या फडक्यावरून २००३ सालचा दुष्काळ आठवतो. त्या वर्षीं आमच्या तालुक्यांत विहिरी कोरड्या पडल्या. गांवोगांव टँकरनें पाणी येई आणि टँकर आला कीं भांड्यांची रांग लागे. माझ्या घरची विहीर, जी दोन पुरुष खोल व्हावयाची होती ती, तळाचा दगड दाखवीत होती. कुटुंब त्या विहिरीजवळून जातांना आंत पाहत असे आणि मीं दुसरीकडे पाहत असें.

एप्रिल महिन्यांत वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मिरजेस डॉक्टरांकडे न्यावयाचें होतें. अण्णा पुढच्या सलग बैठकीवर माझ्याशेजारीं बसले; पटका, काठी, आणि मोटार मास्तराला शोभत नाहीं हें वाक्य. डफळापूर मागें टाकून कांहीं अंतर गेलों असूं, तोंच पाण्याच्या उष्णतेचा कांटा वर चढूं लागला, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. आमच्या भागांतील बोअरचें पाणी क्षारांचें. पाणी तापविण्याच्या भांड्याला आंतून जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांनाही बसतो. नळ्या बुजतात आणि पाणी फिरेनासें होतें. आज मला हें ठाऊक आहे. त्या दिवशीं एवढेंच ठाऊक होतें कीं रेडिएटरमध्यें पाणी नाहीं, आणि बरोबर आणलेली बाटली आम्हीं वाटेंतच पिऊन टाकली आहे.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक वस्ती होती. अण्णांना बाभळीच्या सावलींत बसवून मीं तेथें गेलों. एक बाई दारांत धान्य निवडीत होत्या. मीं पाणी मागितलें, आणि कशासाठीं मागतों तें सांगतांना माझी जीभ अडखळली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत गेल्या आणि कळशी घेऊन माझ्याबरोबर चालत रस्त्यावर आल्या. कळशी भरलेली नव्हती, निम्म्याहून थोडी अधिक. मीं ती हातांत घेतली, तेवढ्यांत अण्णा काठी टेकीत उठले. "माणसांच्या तोंडचें पाणी यंत्राला घालायचें नाहीं," ते म्हणाले. "गाडी इथंच राहूं दे. मी चालत येईन."

मिरज तेथून पन्नास किलोमीटरांहून अधिक होती. अण्णांचें वय त्या वेळीं ऐंशीच्या घरांत. मीं काय उत्तर द्यावें? बाईंनींच तें दिलें. "म्हाताऱ्यास्नी आदी पाजा," त्या मला म्हणाल्या, "उरंल त्ये गाडीला घाला. गाडी न्हाई चालली तर म्हातारं कसं जाणार?" अण्णांनीं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलें, ओंजळ पुढें केली, आणि ते पाणी प्याले.

तापलेल्या रेडिएटरचें झांकण घाईनें उघडूं नये. आंतील उकळतें पाणी तोंडावर उडतें. आणि तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतूं नये, हेड तडकतें. हीं दोन वाक्यें मिस्त्रींनीं मला पाठ करावयास लाविलीं होतीं. म्हणून पाऊण तास थांबलों, मग फडक्यानें झांकण धरून सोडविलें, इंजिन चालू ठेवून थेंबाथेंबानें पाणी घातलें. बाई तोंवर तेथेंच उभ्या होत्या. कळशी परत न्यावयाची होती. मीं खिशांत हात घातला तो त्यांनीं नुसत्या नजरेनें मागें घ्यावयास लाविला. आम्ही हळूहळू, दर थोड्या वेळानें थांबत, मिरजेस पोंचलों. डॉक्टरांनीं अण्णांना तपासून औषधें लिहून दिलीं; काळजीचें कारण नाहीं म्हणाले.

परत निघण्यापूर्वीं अण्णा बोलले नाहींत, पण बाजारांत एका दुकानापुढें काठीनें खूण करून त्यांनीं गाडी थांबविली. तेथें वीस लिटरांचे दोन कॅन टांगलेले होते. मिरजेच्या नळावर ते भरून घेतले आणि दिवेलागणीला त्या वस्तीवर उतरविले. त्या उन्हाळ्यांत पाऊस पडेपर्यंत अण्णांची तपासणी दर पंधरा दिवसांनीं होती. जातांना कॅन रिकामे, येतांना भरलेले. निघण्यापूर्वीं डिकी उघडून ते आंत आहेत कीं नाहींत हें अण्णा स्वतः पाहत, आणि मग पुढें बसून मोटार मास्तराला शोभत नाहीं असें म्हणत. कुटुंबानें मला विहिरीवरून पुढें कधीं बोल लाविला नाहीं. तो तिचा चांगुलपणा. विहीर मीं २००६ सालीं खोल केली.

तेव्हांपासून रेडिएटरमध्यें बोअरचें पाणी घालणें मीं सोडलें. पत्र्याच्या छपरावरून पडणारें पावसाचें पाणी गाळून मी डबे भरून ठेवीत असें. त्यांत क्षार नसतात. आतां बाजारांत त्यासाठीं निराळें द्रावण मिळतें तें वापरतों. अण्णा २०११ सालीं आपल्या अंथरुणावर, झोंपेंत गेले. गाडीची गरज पडली नाहीं.

जुन्या गाडीचें आयुष्य कशावर अवलंबून असतें, हें मला फार उशिरां उमगलें. मीं समजत असें कीं माझी गाडी मिस्त्रींच्या हुशारीवर चालते. ती चालत होती मुंबईच्या टॅक्सींवर. तेथें काळ्या-पिवळ्या फियाट हजारोंनीं धांवत, म्हणून त्यांचे पंप, पाटे, गॅस्केट, कांचा, सर्व कांहीं बाजारांत मुबलक येई, आणि त्या ओघांतला एखादा तुषार जतपर्यंत पोंचे. मिस्त्री मुंबईला जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ चिठ्ठी देत, आठवड्यानें पुडकें येई. टॅक्सीचें वय वीस वर्षांहून अधिक नसावें असा नियम. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालीं झालेली, त्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत त्या दिवशीं आठवणींचे लेख आले. मीं मात्र ते वाचतांना मनांत पाण्याचा पंप, क्लचची प्लेट आणि मागच्या चाकांचे ब्रेक मोजीत होतों.

इतरही अडचणी आहेत. पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल असतें. त्यांतला पुष्कळसा भाग उसापासून, आमच्याच जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून निघतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, मी आनंदी आहें. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या पेयानें फुगतात आणि चिरतात. मीं त्या सर्व बदलून घेतल्या. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करावी लागते. तिची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाली, आणि वीस वर्षांवरील गाड्यांना २०२५ सालीं ती पुन्हां दुप्पट झाली. शिवाय पर्यावरण कर. मिस्त्रींची दृष्टि मंदावली आहे. त्यांचा मुलगा गॅरेज पाहतो, तो गाडीला आधीं संगणक जोडूं पाहतो. माझ्या गाडीला तो कोठें जोडावा हें त्याला सांपडत नाहीं, आणि मग तो वडिलांना हांक मारतो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे पुन्हां येतों. माझ्याजवळ एक वही आहे. गाडी घेतल्या दिवसापासून पेट्रोल सोडून जो खर्च झाला तो तींत लिहिला आहे. किंमत अडतीस हजार. २०१० पर्यंतच्या दुरुस्तीची बेरीज एक लाख चौदा हजार. पुढें मीं बेरीज करण्याचें सोडलें. मासेरातीच्या बाबतींत ही वही किती जाड लागेल, याचा हिशेब सतराच्या पाढ्याशीं अडणाऱ्यानेंही करून पाहावा असें मीं त्याला म्हटलें. आणि विचारलें, "तुझा मिस्त्री कोण?" तो कंपनीच्या दुकानाविषयीं सांगूं लागला. मीं म्हटलें, "दुकान नव्हे. रस्त्यांत वाफ निघाली तर तूं कोणाला फोन करशील? त्या माणसाचें नांव सांग." त्याला नांव सांगतां आलें नाहीं.

दिवाळींत तो मुलाबाळांसह गांवीं आला होता. मुलांना फियाटच्या पुढच्या बैठकीवर बसवून मीं राजवाड्यापर्यंत फिरवून आणलें. गिअरचा दांडा हाताशीं पाहून त्यांना फार मौज वाटली. निघतांना त्यानें वांकून नमस्कार केला, तेव्हां मीं त्याच्या हातांत तें नालाचें चुंबक ठेविलें. शाळेची पेटी निवृत्तीच्या वेळीं मोजून परत केली, तिच्यांत नवें विकत घेऊन ठेविलें होतें; हें जुनें माझ्याजवळ राहिलें होतें.

त्यानंतर दोन आठवड्यांनीं त्याचा पुण्याहून फोन. आवाजांत घबराट. "गुरुजी, बॉनेटला चुंबक चिकटतच नाहीं! विकणारा म्हणतो, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचें आहे."

"असेलही," मीं म्हटलें. "दारांना लावून पाहा. आणि खालीं वांकून दाराच्या कडेला लाव, वरवर नको."

"पाहतों," म्हणाला, आणि फोन ठेवला. दारांचें काय झालें तें अजून कळलेलें नाहीं.